मीटिंगमध्ये सगळे ‘चालेल’ म्हणाले, मग अडलं कुठे?

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की ऑफिसमध्ये जमेल तेवढे निर्णय सगळ्यांच्या सहमतीने घ्यावेत. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून, आणि सूर साधारण असा की ताई, हे लिहायला ठीक आहे पण आमच्याकडे होत नाही. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर ह्याच विषयाला देतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येतात. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत सपोर्ट टीमची लीड आहे, टीममध्ये माझ्यासकट नऊ जण. क्लायंटने मे महिन्यापासून रात्री अकरापर्यंत कव्हर मागितलं. मी विचार केला की आपण हुकूम सोडायचा नाही, सगळ्यांना विचारून करू. मीटिंग घेतली, रोटेशनने प्रत्येकाने एकेक आठवडा लेट शिफ्ट करायची असं मांडलं, विचारलं चालेल ना सगळ्यांना, सगळे हो म्हणाले, ग्रुपवर अंगठे पण आले. पहिल्या आठवड्यात ज्याची पाळी त्याला ताप आला, दुसऱ्यात एकीने स्वॅप मागितला आणि तो परत केलाच नाही, तिसऱ्यात एकजण येऊन म्हणाला घरी बाळ लहान आहे जमणार नाही. पाच आठवड्यांतले तीन आठवडे मीच बसले. मॅनेजर म्हणतात तू लीड आहेस, विचारतेस कशाला, सांगून टाक. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. सहमती वगैरे खोटं असतं का?

उत्तर : अगं, तुझी सहमती फसली नाही, ती झालीच नव्हती. तू विचारलंस “चालेल ना?” आणि आपल्याकडे ह्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर “चहा जरा गोड झालाय, चालेल ना” ह्याला कोणी नाही म्हणतं का? तसंच मीटिंगमध्ये होतं. लीड विचारतेय, बाकी सगळे गप्प आहेत, सात वाजून गेलेत, ठाण्याची गाडी पकडायचीय, माणूस म्हणतो चालेल.

मी इतकी वर्षं ऑफिसात काढली त्यात एक गोष्ट कान देऊन ऐकायला शिकले, ती म्हणजे माणूस होकार कुठल्या शब्दात देतो. “पटलं” म्हणाला तर तो उद्या ते काम आपलं म्हणून करणार. “चालेल” म्हणजे मी आत्ता विरोध करत नाहीये, एवढंच. “तुम्ही म्हणाल तसं” म्हणजे निर्णय तुमचा आणि बिघडलं तर तेही तुमचं. आणि “बघू” म्हणजे नाही, सरळ नाही, फक्त तोंडावर म्हणवत नाही म्हणून बघू. मीटिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे लेखी नोंदीत, हे चारही शब्द “सर्वानुमते ठरले” होऊन जातात आणि तिथेच घात होतो. तुझ्या नऊ जणांत पटलं म्हणणारे किती होते, जरा आठवून बघ.

ह्यावर एक खरी घडलेली गोष्ट आहे, जेरी हार्वी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ मध्ये लिहिलेली. टेक्सासमध्ये कोलमन नावाच्या गावी ते बायकोच्या माहेरी गेले होते, जुलैची दुपार, ४० डिग्री ऊन, पण घरात पंखा आहे, थंड सरबत आहे, डॉमिनोज खेळत सगळे मजेत बसलेत. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जाऊन जेवून येऊया का? बायको म्हणाली छान कल्पना. ह्यांना जायचं नव्हतं पण म्हणाले मला चालेल, सासूबाईंना चालत असेल तर. सासूबाई म्हणाल्या मला का नाही चालणार. एसी नसलेल्या गाडीतून जाऊन-येऊन १०६ मैल, म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटर, धुळीत आणि घामात, आणि जेवण बेकार. चार तासांनी घरी आल्यावर एकेकाने तोंड उघडलं तेव्हा कळलं की कुणालाच जायचं नव्हतं. सासऱ्यांनाही नाही! त्यांना वाटलं बाकीचे कंटाळले असतील म्हणून त्यांनी विचारलं होतं. चार शहाणी माणसं, कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही, आणि चौघांनी मिळून असा निर्णय घेतला जो एकालाही नको होता. हार्वींचं म्हणणं असं होतं की ऑफिसांमध्ये भांडणं हाताळता येत नाहीत हा प्रश्न आहेच, पण खोटा होकार हाताळता येत नाही हा त्याहून मोठा आहे. मला हे शंभर टक्के पटतं.

कारण माझ्या हातून हे झालंय. खूप वर्षांपूर्वी आमचं ऑफिस वागळे इस्टेटमधून महापेला हललं तेव्हा कंपनीच्या बसचा रूट ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांना बोलावलं, वीस मिनिटांत ठरवलं की बस ठाणे स्टेशनच्या पूर्वेकडून, कोपरीतून सुटेल, चालेल ना, सगळे चालेल म्हणाले. घोडबंदर रोडला राहणाऱ्या दोघी जणी मागच्या रांगेत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना ती बस गाठायला मुलांचे डबे करून साडेसहाला घर सोडावं लागायचं आणि घोडबंदरचं ट्रॅफिक तुला मी सांगायला नको. तीन महिन्यांत दोघींनी राजीनामे दिले. नंतर एकीला भेटले तेव्हा ती म्हणाली, “सगळ्यांना चालत होतं ना, मग मी एकटी कशी म्हणू.” ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून. मी विचारलं होतं, पण ज्या पद्धतीने विचारलं त्यात नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

आता तुझं. रात्री अकरापर्यंत कव्हर द्यायचं की नाही हा तुमच्या हातातला निर्णय नाहीये, तो क्लायंटशी झालाय. हे टीमला पहिल्या वाक्यात सांगून टाक. जे आधीच ठरलंय ते सहमतीला टाकलं की लोकांना बरोबर कळतं की हे नाटक आहे आणि मग खऱ्या प्रश्नालाही ते नाटकासारखीच उत्तरं देतात. तुमच्या हातात आहे ते म्हणजे कोण, कधी, किती दिवस, रात्री घरी कसं जायचं आणि त्या बदल्यात काय. तेवढंच मांड.

मीटिंगच्या आधी प्रत्येकाबरोबर दहा मिनिटं चहा घे. जपानी ऑफिसांमध्ये ह्याला नेमावाशी म्हणतात, शब्द माळीकामातला आहे, मोठं झाड दुसरीकडे हलवायच्या आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करून मुळं तयार करायची, एकदम उपटायचं नाही. बाळ लहान आहे, आई आजारी आहे, रात्रीच्या कॅबमध्ये एकटीला भीती वाटते, ह्या गोष्टी आठ जणांसमोर कोणी बोलत नाही, चहावर बोलतात. तिसऱ्या आठवड्यात जो येऊन बाळाचं बोलला ना, तो मीटिंगच्या आधीच बोलला असता.

मग जे सुचेल ते कागदावर लिहून दोन दिवस आधी सगळ्यांना पाठव. मीटिंगमध्ये एकेकाला बोलायला सांग, सुरुवात सगळ्यात ज्युनियरपासून, तू शेवटी. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, लीड आधी बोलली की बाकीचे तिला दुजोरा देतात, मत देत नाहीत. आणि प्रश्न बदल. “चालेल ना” ऐवजी “ह्यात तुला कुठे अडेल?” असं विचार. ह्या प्रश्नाला “नाही, काही नाही” म्हणायला माणसाला जरा विचार करावा लागतो, आणि अडचण सांगितली तर तो विरोध वाटत नाही कारण तूच ती मागितलीयस. काही टीम शेवटी हाताची बोटं दाखवतात, मूठ म्हणजे हे होऊ नये, पाच म्हणजे पूर्ण पाठिंबा, मधली बोटं मधलं काय ते. जो तीन किंवा कमी दाखवेल त्याला विचारायचं की काय बदललं तर चार होतील. ऐकायला शाळेसारखं वाटतं पण चालेलच्या पोटात काय आहे ते दोन मिनिटांत समोर येतं.

अजून एक, कायमचं ठरवू नका. सहा आठवडे करून बघू आणि अमुक तारखेला परत बसू असं ठरव, तारीख कॅलेंडरवर टाक. कायमच्या गोष्टीला माणूस घाबरून अडतो, सहा आठवड्यांना तयार होतो. आणि नाहीच जमलं तर कोण ठरवणार हे आधी सांग. “दोन बैठकांत नाही ठरलं तर मी ठरवेन आणि कारण सांगेन” असं लीडने म्हणण्यात काहीच वाईट नाही, उलट त्याने लोक नेमकं बोलायला लागतात. तुझ्या मॅनेजरांना सांग की सांगून टाकायला एक मिनिट लागतं हे खरंय, पण मग पाच आठवड्यांतले तीन आठवडे कोणीतरी एकटं बसतं.

प्रश्न : नमस्कार. माझं रबाळे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. मी सगळ्यांना विचारूनच करतो, वडिलांची पद्धत होती. पण आमचे एक जुने वेल्डर आहेत, वीसेक वर्षं आहेत, ते प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात. आता वेल्डिंगची जागा शटरजवळ हलवायचीय, धूर बाहेर जाईल आणि माल उतरवायला सोपं पडेल. तेरा जण तयार. हे म्हणतात आजवर असंच चाललंय, मला त्या कोपऱ्याची सवय आहे, आणि पावसात शटरखालून पाणी येतं. एका माणसासाठी थांबायचं का?

उत्तर : दादा, तुम्ही तीन कारणं एका दमात लिहिलीत पण ती एका वजनाची नाहीत. आजवर असंच चाललंय हे कारणच नाही. सवय आहे हे कारण आहे पण त्याच्यावर तोडगा निघतो, त्यांना नव्या जागी टेबलाची उंची, दिवा, केबल कशी हवी ते विचारून तसं करून द्या. तिसरं मात्र सोन्यासारखं आहे. ओल्या फरशीवर वेल्डिंग म्हणजे शॉक बसायचा सरळ धोका, आणि ते तेरा जणांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, ह्यांच्या आलं, कारण ते रोज तिथे उभे राहतात. हा विरोध नाही, ही माहिती आहे. तेराविरुद्ध एक असलं तरी जिवाच्या धोक्याचा मुद्दा आला की काम थांबलंच पाहिजे. आधी उंबरा उंच करा, बाहेर पन्हळ काढा, पावसाळ्यात एकदा पाणी येतंय का बघा, मग हलवा.

एका माणसाला कायमचा नकाराधिकार द्यायचा का, तर तसंही नाही. पोलंडमध्ये जुन्या काळी संसदेत एका सभासदाने “मला मान्य नाही” म्हटलं की अख्खं अधिवेशन बरखास्त व्हायचं आणि त्यात झालेले सगळे ठराव रद्द. १६५२ मध्ये हे पहिल्यांदा झालं, पुढे शेजारची राज्यं एखाद्या सभासदाला पैसे चारून हवं तेव्हा कामकाज बंद पाडायची, शेवटी १७९१ च्या राज्यघटनेत ती पद्धत काढली तोवर देश खिळखिळा झाला होता. तिथे चूक अशी होती की नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागत नव्हतं.

उलट आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा, गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा त्या गोंड गावाची. तिथे ग्रामसभेत बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेतात, एकमत झालं नाही तर विषय पुढच्या सभेला जातो, परत बोलतात. आणि त्याच्या जोडीला अभ्यासगट आहेत, म्हणजे विषय आधी नीट समजून घ्यायचा, मग ठरवायचं. ह्या वाटेने गेलेल्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, देशात सगळ्यात आधी मिळवलेल्यांत ते गाव आहे. सहमतीने कामं रखडतात म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते.

दुसरीकडे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ नावाची संस्था, तिथे जगभरातले इंजिनियर असतात, मतदान घेत नाहीत, पण सगळ्यांनी हो म्हटलंच पाहिजे असंही नाही. त्यांचा नियम असा की प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालं पाहिजे, ती मान्य झालीच पाहिजे असं नाही. २०१४ च्या त्यांच्या एका टिपणात तर असं लिहिलंय की शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असूनही सहमती झालेली नसू शकते, आणि पाच बाजूने, शंभर विरोधात असून झालेली असू शकते. डोकी मोजायची नाहीत, मुद्दे मोजायचे.

म्हणून तुमच्या वेल्डरकाकांना सगळ्यांसमोर नाही, वेगळं बसवून विचारा की पाण्याचं मी करतो, मग अजून काय राहिलं? काही राहिलं नाही तर म्हणा, तुम्हाला आवडलेलं नाही हे मला माहितीय, पण करून बघायला आडवे येणार नाही ना? ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाच्या सभांमध्ये तीनशेहून जास्त वर्षं मतदान न घेता निर्णय होतात, तिथे अशी सोय आहे, मला पटलं नाही पण मी बाजूला होतो, तुम्ही पुढे जा, आणि तसं नोंदवूनही ठेवतात. मोठ्या वयाच्या माणसाला हरल्यासारखं न वाटता वाट मोकळी करता येते. माझा अंदाज सांगू का, पाण्याचा मुद्दा तुम्ही त्यांच्या नावाने चौघांसमोर मान्य केलात ना, की बाकीचे दोन ते परत काढणार नाहीत.

प्रश्न : ताई, मी ठाण्यात शाळेत शिक्षिका आहे. आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्याला हात वर करून मतदान होतं, दोन मिनिटांत विषय संपतो. त्यात वाईट काय?

उत्तर : काहीच नाही, जोवर हरलेल्यांना ते काम करायचं नाहीये. सहल कुठे, स्नेहसंमेलनात साडी कुठल्या रंगाची, ह्याला खुशाल हात वर करा, सहमतीत तास घालवू नका. पण नवीन परीक्षा पद्धत, पेपर तपासायची वाटणी, ह्यात बारा विरुद्ध नऊ असं झालं की ते नऊ जण दुसऱ्या दिवसापासून तेच काम नाराजीने करणार, आणि ते वर्गात दिसतं. जीएसटी कौन्सिलचं बघा, तिथे मतदानाची तरतूद पहिल्यापासून आहे, केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. तरीही २०१६ मध्ये कौन्सिल झाल्यापासून मत टाकायची पहिली वेळ आली ती १८ डिसेंबर २०१९ ला, ३८व्या बैठकीत, लॉटरीवरच्या कराला. तोवर सगळं चर्चेने, कारण कर गोळा करायचं काम शेवटी प्रत्येक राज्यालाच करायचंय. तुमच्याकडे पण तोच प्रश्न विचारा, हे उद्या राबवणार कोण? मत देणारेच राबवणार असतील तर त्यांचे हात मोजून भागत नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, घणसोलीला पहिलीच नोकरी. पुढच्या बुधवारी टीम एका नवीन सॉफ्टवेअरचं ठरवणार आहे, सगळे सीनियर हो म्हणतायत. मी ते कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरलंय, मोठा डेटा टाकला की ते लटकतं. पण मी एकटीच नाही कसं म्हणू? उगाच शहाणी समजतील.

उत्तर : तुला जे वाटतंय ते भित्रेपण नाही, ते सगळ्यांना होतं. १९५१ च्या सुमाराला सॉलोमन ॲश ह्यांनी अमेरिकेत प्रयोग केले, कागदावरच्या तीन रेघांतली कुठली दिलेल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं, लहान मूल सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. अशा वेळी जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं चुकीच्या बाजूला गेली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांचं म्हटलं. पण ह्याच प्रयोगात दुसरी गोष्ट दिसली, खोलीत एकच माणूस खरं बोलणारा ठेवला की हे प्रमाण एकदम खाली आलं. एकच पुरला!

तर बुधवारच्या आधी तो एक शोध. टीममध्ये कुणीतरी असेल जो ऐकून घेतो, त्याला जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून ते लटकताना दाखव. मत सांगू नकोस, दाखव, तुझ्या वयात मताला वजन कमी असतं पण समोर अडकलेल्या स्क्रीनला वय नसतं. आणि मीटिंगमध्ये “हे सॉफ्टवेअर नको” म्हणू नकोस, “सर, मला एक शंका आहे, आपला रोजचा डेटा किती असतो, तेवढा टाकून एकदा बघूया का?” एवढंच म्हण. पहिलं बोलायचं टाळलंस तर मागाहून बोलणं अवघड होत जातं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच बोल. त्यांनी बघून तरीही तेच घेतलं तर घेऊ देत, तुझी शंका मिनिट्समध्ये लिहायला सांग आणि मनापासून काम कर. आणि गुरुवारी मला लिही काय झालं ते.